तुराट्यांचा ताटवा

या वर्षी तुरीच्या शेंगा संक्रांतीच्या बऱ्याच आधी बाजारात आल्या. सुनेने दोन किलो आणल्या, जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि ढीग माझ्यासमोर ओतला. सोले, म्हणजे कोवळे दाणे, काढायचं काम या घरात माझं. डोळे अधू झाले तरी बोटांना कळतं, कोणती शेंग भरली आहे आणि कोणती नुसतीच फुगली आहे. हिरव्या सालीवरच्या जांभळ्या रेघा, नखाखाली साचत जाणारा चिकट काळपटपणा आणि तो वास, थोडा गवताचा, थोडा कच्च्या पिठाचा. संध्याकाळी सोलेभात होणार, त्यावर कच्चं तेल आणि बारीक चिरलेली कोथिंबीर. थंडीच्या दिवसांत यापेक्षा चांगलं काही खाण्यात आलं असेल तर मला आठवत नाही.

मुलाचं घर नागपुरात वर्धा रोडला, सहाव्या मजल्यावर. बाल्कनीतून मिहानच्या काचेच्या इमारती दिसतात, त्यांच्या अंगावरून उन्हाची तिरीप सरकत जाते, आणि दर थोड्या वेळाने एक विमान खाली उतरतं. त्या इमारतींच्या जागी पूर्वी तूर होती. नजर पोचेल तिथवर तूर आणि कपाशी, मध्ये एखादं मोहाचं झाड.

"बाबा, तुम्ही तिकडेच नोकरीला होते ना? घोड्यांच्या शाळेत?" सून विचारते.

"हो. त्याच्याच आसपास."

एवढंच बोलून मी थांबतो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला जुन्या दिवसांनी भरून येतं. भरून येतं हे खरंच आहे. पण काय भरून येतं ते मी कोणाला पूर्ण सांगितलं नव्हतं. पस्तीस वर्षं झाली. माझी बायको गेली तेव्हा तिलाही अर्धंच माहीत होतं.

ती शाळा एका निवृत्त मेजरसाहेबांची होती. शहरातल्या डॉक्टर-वकिलांची मुलं रविवारी घोडेस्वारी शिकायला यायची. अकरा घोडे, टिनाच्या छपराचा एक लांब तबेला, आणि मागे कुंपण घातलेली चार मोकळी आवारं, जिथे घोडे दिवसभर सुटे असायचे. मी तिथला व्यवस्थापक. आमचं आडनाव पागनीस, म्हणजे कुणी पूर्वज भोसल्यांच्या पागेत होता. काय होता? पागेत दाणा किती आला आणि किती गेला हे लिहून ठेवणारा कारकून होता. घोड्याच्या पाठीवर आमच्या घराण्यातलं कोणी बसल्याचं ऐकिवात नाही. पण मुलाखतीत मेजरसाहेबांनी आडनाव ऐकलं आणि म्हणाले, "व्हॉट अ नेम! रक्तातच आहे तुमच्या." मीही मान हलवली. पुढे काही वर्षांनी ते मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. माझ्या हातून जे झालं त्याची सुरुवात शोधायला गेलो तर मी तिथपर्यंत जातो.

त्या हिवाळ्यातल्या सकाळी मात्र मला हव्या आहेत. त्या मी कुणाला देणार नाही. आठाच्या सुमारास पोचावं तर तबेल्यावर धुराचा पातळ थर अडकलेला. शेकोटीत कपाशीच्या पराट्या जळताहेत. घोड्यांच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ उन्हात आली की सोनेरी व्हायची. भिजवलेल्या हरभऱ्याच्या बादल्या, तुरीच्या कुटाराची पोती, आणि अंगावरून फिरणाऱ्या खराऱ्याचा एकसुरी आवाज, खर्र, खर्र. हिवाळ्यात घोड्याला दाट लव येते. त्या लवेत हात खुपसला की आत वेगळाच ऋतू असतो, उबदार, किंचित दमट. मी घोड्यावर बसायला भ्यायचो, पण हात खुपसून उभा राहायचो.

"साहेब, हात गरम झाला असन तं खरारा करा थोडा," सोमाजी म्हणायचा. "ते बी अंग मोडून राहिलं आहे."

सोमाजी आमचा मुख्य सईस. माझ्याच वयाचा, काटक, कानाच्या पाळीत बिडी खोवलेला. त्याचे वडील टांगा चालवायचे. त्या टांग्याच्या घोड्याच्या पोटाखाली आपण रांगलो असं तो सांगायचा. फारसा शिकलेला नव्हता. पण घोड्याच्या पाय टाकण्याच्या आवाजावरून नाल कुठे सैल आहे हे तो पाठमोरा उभा राहून सांगायचा. माझं आडनाव पागेतलं, आणि पागा त्याला कळायची. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि तो हे कधी बोलून दाखवत नसे. त्याचा मला राग यायचा, हे आज लिहायला हवं.

अकरा घोड्यांत दोघांची गोष्ट वेगळी. मैना नावाची तांबूस घोडी, सहा वर्षांची, उडीला तेज, मेजरसाहेबांचा जीव तिच्यात. आणि रुस्तम, म्हातारा पांढरा घोडा, ज्याच्या पाठीवर नवशिकी मुलं बसायची आणि पडायची. दोघांची आवारं शेजारी शेजारी. मधलं कुंपण तारेचं. दिवसभर दोघं त्या तारेच्या दोन बाजूंना उभे. ती तिकडून मान टाकायची, तो इकडून, आणि दोघं एकमेकांच्या मानेवर दातांनी हळूहळू खाजवत राहायचे. बाकी सगळीकडे गवत, पण त्या तारेच्या दोन्ही बाजूंना हातभर रुंदीची उघडी माती, चालून चालून घट्ट झालेली, जणू कोणी जाणूनबुजून पायवाट आखली आहे.

बघायला ते गोड होतं. शिकायला येणाऱ्या मुलांच्या आया फोटो काढायच्या. पण रुस्तमला नाल मारायला जरी पलीकडे नेलं तरी मैना खिंकाळून तबेला डोक्यावर घ्यायची. तारेच्या कडेने धावत सुटायची, पाच मिनिटांत घामाने काळी पडायची. दाण्याची, चंदीची बादली तशीच भरलेली. आणि रिंगणात एकटीला काढलं की दुसऱ्या वळणावरच मान वळवून परत. मेजरसाहेब याला 'खोड' म्हणायचे. मीही खोडच म्हणायचो. सोमाजी तो शब्द वापरत नसे.

"खोड नाही साहेब. तिले दुसरं कोणी भेटलंच नाही. एकाच माणसाशी बोलत बसली तं मंग असंच होते."

गेल्या महिन्यात नातीच्या हट्टाखातर मी तिच्याबरोबर कोराडी रोडच्या बाजूला गेलो. तिथे कोणी नव्याने घोडेस्वारी शिकवतं. शिकवणारी पंचविशीतली मुलगी, पायात गमबूट, केसांत गवत. नात रिंगणात फिरत होती आणि मी खुर्चीवर बसून कौतुकाचा चेहरा करून पाहत होतो. तेवढ्यात मागून खिंकाळी आली. ती खिंकाळी मी ओळखली. तिच्यात राग नसतो, भूक नसते. मी खुर्चीवरून उठलो.

शेजारच्या दोन आवारांत दोन घोडे. मधलं कुंपण लाकडी फळ्यांचं, रुंद, गुळगुळीत. ती मुलगी त्यातल्या एकाला दोरी लावून बाहेर काढत होती. दुसऱ्यासमोर तिने आधीच चंदीची बादली ठेवली होती. घोडा दहा पावलं गेला. राहिलेल्याने मान वर केली, कान टवकारले, मग पुन्हा बादलीत तोंड घातलं. बादली संपायच्या आत ती घोड्याला परत घेऊन आली. मग पुन्हा तेच, बारा पावलं. मग पंधरा. मी मोजत होतो.

"फारच जीव आहे दोघांचा एकमेकांवर," ती हसून म्हणाली. "हळूहळू करावं लागतं. याला त्या तिकडच्या घोडीची पण ओळख करून देतेय, म्हणजे एकावरच सगळं नको. दोन महिने लागतील. आजोबा, तुम्ही घोड्यांमध्ये होता ना? तुमच्या वेळी काय करायचे असं झालं तर?"

मी म्हणालो, "हेच. असंच करायचो."

घरी येताना नात गाडीत बडबडत होती आणि मला कानात नुसता रस्ता ऐकू येत होता. आयुष्यात मी त्या बाबतीत बोललेलं ते दुसरं खोटं. आणि दुसऱ्या खोट्यातसुद्धा मी सोमाजीचंच काम माझ्या नावावर लावून घेतलं होतं.

कारण हेच, अगदी हेच, सोमाजी करत होता. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. डिसेंबरात, तुरीला शेंगा धरल्या तेव्हापासून, तो रोज सकाळी मैनेसमोर चंदी ठेवायचा आणि रुस्तमला घेऊन चालू लागायचा. पहिल्या दिवशी फाटकापर्यंत. मग निंबापर्यंत. बादलीचा तळ वाजायच्या आत परत. संध्याकाळी मैनेच्या दुसऱ्या बाजूच्या आवारात एक शांत खेचर आणून सोडायचा, तिला दुसरा शेजार असावा म्हणून. मी तंबाखू मळत उभा असायचो.

"किती दिवस चालणार हे?"

"लेकराचं दूध सोडवतेत न साहेब, तसं आहे हे. एकदम तोडलं तं लेकरू बी आजारी, माय बी आजारी."

"स्पर्धा फेब्रुवारीत आहे सोमाजी. मेजरसाहेब विचारतात."

"तं त्याहिले सांगा, घोडी शाळेत जाऊन राहिली आहे. अभ्यास सुरू आहे म्हणा."

आणि खरंच सुरू होता. जानेवारीच्या मध्यापर्यंत रुस्तम विहिरीपर्यंत जायला लागला. तो दिसेनासा झाला तरी मैना एकदा मान उचलायची, एक हाक मारायची आणि खाऊ लागायची. त्या दिवशी सोमाजीने मला बोलावून दाखवलं. नुसतं तिच्या तोंडाकडे बोट केलं. ती चावत होती. चावण्याचा तो आवाज ऐकत आम्ही दोघं उभे राहिलो. त्या हिवाळ्यातला मला सगळ्यात जास्त हवासा वाटणारा क्षण तो आहे. आणि तिथेच थांबलो असतो तर, असं मी म्हणणार नाही. थांबलो नाही.

त्याने दोनच गोष्टी मागितल्या होत्या. आणखी तीन आठवडे, आणि मधली तार काढून तिथे फळ्या. बाकीच्या सगळ्या बाजूंना आम्ही फळ्या लावल्या होत्या. ती एक मधली बाजू राहिली होती, जुनी, काटेरी. "नंतर पाहू," असं मी दोनदा म्हटलं होतं.

मग मेजरसाहेबांचा निरोप आला. पाहुणे आठ दिवसांत येणार, मैनेला एकटीने उडी मारताना बघणार. "पागनीस, तुमच्यावर सोडतो." हे वाक्य मला फार आवडलं. सोमाजीवर नव्हे, माझ्यावर.

त्याच दिवसांत शेजारच्या शेतातली तूर कापून झाली होती. मळणीनंतर उरतात त्या वाळक्या काड्या, तुराट्या, त्यांचे भारे बांधावर रचलेले. आमच्याकडे त्यांचे ताटवे, म्हणजे आडोसे, करतात. गोठ्याला, परसाला, न्हाणीला. उंच, दाट, आरपार काही दिसत नाही. ते भारे बघून मला सुचलं. दोघांच्या मधल्या तारेला ताटवा लावला की एकमेकांना दिसणारच नाहीत. दिसले नाहीत की विसरतील. आठ दिवस पुष्कळ झाले. मी सोमाजीला बोललो तेव्हा तो घोड्याचा खूर धरून बसला होता. त्याने वरही पाहिलं नाही.

"दिसणार नाही साहेब. पण ऐकू तं येईन न? वास तं येईन? माणूस भिंतीपलीकडं रडून राहिला अन् तुमाले दिसून नाही राहिला, तं तुमी काय करान?"

"मी माणसाबद्दल बोलत नाही."

"काहून एवढी घाई करून राहिले? आन् ती तार हाय मधात. ताटव्यानं तार झाकली जाईन. तिले दिसतीन नुसत्या काड्या."

मी म्हटलं, पाहू. दोन दिवसांनी तो मामेबहिणीच्या लग्नाला उमरेडकडे एका दिवसाच्या रजेवर गेला. जाण्याआधी फाटकाची कडी लावली, हलवून पाहिली, चार पावलं गेला, परत येऊन पुन्हा हलवून पाहिली. मी खोलीच्या दारातून बघत होतो. त्याची ती सवयच होती. त्याची पाठ वळताच मी शेजारच्या शेतातली दोन माणसं बोलावली आणि दुपारपर्यंत ताटवा उभा केला. सुंदर झाला होता. सरळ रेषेत, सुतळीने आवळलेला, नव्या काड्यांचा गोड वास येणारा. मी लांबून पाहिला आणि मला अभिमान वाटला.

मग रुस्तमला मी तबेल्याच्या पार पलीकडच्या टोकाला बांधायला लावलं. दहा पावलं नाहीत, विहीर नाही. एकदम.

तो तिथून हाक मारू लागला. त्या आधी मी रुस्तमला इतक्या मोठ्याने ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. तो तर सोशिक घोडा होता. आणि ताटव्याच्या या बाजूने मैना धावू लागली. त्यांच्या घट्ट झालेल्या वाटेवरून, इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी म्हटलं, दमेल. मग ती थांबली. मला वाटलं, दमली. ती मागे सरली, चार पावलं, आणि सरळ काड्यांत घुसली. काड्याच तर होत्या. तिच्या छातीपुढे त्या काय टिकणार? ताटवा मोडल्याचा कडकडाट झाला आणि त्याच्या आत तारेचा आवाज, ताणून सुटल्याचा. तो मी इथे लिहून दाखवू शकत नाही.

घोडी वाचली. छातीवर आणि पुढच्या उजव्या पायावर टाके पडले. पाय कायमचा अधू झाला. मैना पुन्हा कधी उडी मारू शकली नाही. डॉक्टर गेल्यावर मी त्या दोन माणसांकरवी ताटवा काढून टाकला, काड्या शेकोटीत गेल्या. संध्याकाळी टेबलाशी बसून मेजरसाहेबांसाठी अहवाल लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. पूर्वजांपासून चालत आलेली गोष्ट एवढीच. मी लिहिलं: सईस सोमाजी याने रजेवर जाताना आवाराच्या फाटकाची कडी न लावल्यामुळे घोडी बाहेर पडली व शेजारच्या शेताच्या काटेरी तारेत अडकली.

एक ओळ. ताटव्याचा उल्लेख नाही.

दुसऱ्या दिवशी सोमाजी लग्नातला बुंदीचा पुडा घेऊन आला आणि पुडा हातात तसाच धरून मैनेपाशी गेला. बराच वेळ तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. मग माझ्याकडे आला. त्याच्या चिमटीत बोटभर काडी होती.

"साहेब, हे आयाळीत होतं. तुराटी."

"शेजारच्या शेतात गेली होती ना ती. तिथलीच असेल."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचे कागद नीट केले. तेवढ्यात मेजरसाहेबांनी त्याला आत बोलावलं. आत काय झालं ते मी ऐकलं. दार उघडं होतं. तो म्हणाला, "कडी लावली होती साहेब." मेजरसाहेब म्हणाले, "पागनीस काय खोटं बोलतील?" माझा शब्द त्याच्या शब्दापेक्षा जड का भरला, हे नागपुरात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. त्याच्या घरचे सगळे छप्पनमध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले. आमचं घर महाल भागातल्या, वरच्या जातींच्या जुन्या वस्तीतलं. मी ते जाणून लिहिलं होतं का? मी कित्येक वर्षं स्वतःला 'नाही' असं सांगितलं. आता वाटतं, जाणून घ्यायची गरजच नव्हती. ते हाताला माहीत होतं.

तो गेला. त्यानंतर त्याला कुठल्याच तबेल्यात काम मिळालं नाही. घोडे बाळगणारे लोक थोडे, आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. मैनेला 'खोडील' म्हणून विकून टाकलं. रुस्तम आणखी दोन हिवाळे जगला. मधल्या तारेला मी पुढच्याच महिन्यात फळ्या लावून घेतल्या. तो त्या फळ्यांशी उभा असायचा, आणि पलीकडचं आवार रिकामं होतं.

बायको गेली त्या वर्षी मी सकाळी उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. पुन्हा जायचो. सून म्हणाली, "बाबा, काय हवंय?" काही नको होतं. टाइल्सवर वाट उमटत नाही म्हणून बरं. जीव फार लावू नये असं लोक सांगतात, आम्हीही घोड्यांबद्दल तेच म्हणायचो. लावलेला जीव हळूहळू सैल करायला कोणीतरी लागतं, दहा पावलं नेऊन परत आणणारं. मला सून मिळाली, नात मिळाली. मैनेला सोमाजी मिळाला होता.

कोराडीहून आल्यावर चौथ्या दिवशी मी त्याचा पत्ता काढला. सक्करदऱ्याच्या तलावामागची वस्ती. रविवारी सकाळी गेलो. तो अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर ऊन खात बसला होता, डोक्याला मफलर. नोकरी गेल्यावर कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत माळीकाम केलं होतं, ते गुडघ्यांत उतरलं होतं.

"पागनीस साहेब? जित्ते आहे का तुमी अजून?"

"आहे अजून."

"बसा मंग. वंदना, पाणी आण वं."

वंदना त्याची मुलगी, शाळेत शिक्षिका. तिने पाणी आणलं आणि दाराशी उभी राहिली. मी वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती. ती सगळी पाण्याबरोबर गिळली. सरळ सांगितलं. ताटवा मी लावला. फाटक बंद होतं. मी तुझं नाव लिहिलं.

सोमाजी काही वेळ गुडघा चोळत राहिला. "मले माहीत होतं," तो म्हणाला. "तुराटी होती न आयाळीत."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"कोणापाशी बोलू? तुमच्यापाशी?"

मी म्हणालो, मला माफ कर. तो हसला, पण मला बरं वाटावं म्हणून नव्हे. बोलली ती वंदना.

"काका, तुम्ही आता जे सांगितलं, ते आम्ही दोघांनी ऐकलं. बाबांवर जे आलं ते साऱ्या वस्तीनं ऐकलंय. तुमाले माहीत आहे, इथले लोक बाबांना काय म्हणतात? घरातून निघाले की ओट्यावरचे म्हातारे विचारतात, सोमाजी, फाटक लावलं का गा? माझ्या लग्नात माझ्या मामेसासऱ्यांनी विचारलं. बाबांनी वीस वर्षं हसून घेतलं. मग ओट्यावर जाणंच सोडलं."

"मजाक करतेत," सोमाजी म्हणाला. "चांगले लोक आहेत."

"लिहून द्या," वंदना म्हणाली. तिने वहीचा कागद आणि पेन आणलं, आणि कागदाखाली धरायला म्हणून एक ताट.

मी लिहायला घेतलं. सवयीने लिहिलं: सदर दिवशी फाटकाची कडी लावलेली असावी असे स्मरते. वंदनाने खांद्यावरून वाचलं.

"असावी म्हणजे? होती का नव्हती?"

"होती."

"मग तसं लिहा ना. आणि स्मरते काढा. तुम्ही पाहिलं होतं."

मी खोडलं. लिहिलं: कडी लावलेली होती. सोमाजीने ती दोनदा तपासली. मी पाहिले. ताटवा मी लावला, सोमाजीने नको म्हटले असताना. घोडी त्यामुळे जखमी झाली. अहवालात मी खोटे लिहिले.

"मैनेचं बी लिहा," सोमाजी म्हणाला. "ती खोडील नव्हती. रुस्तम विहिरीपर्यंत जात होता अन् ती खात होती. ते लिहा."

ते लिहिलं. सही केली. आणि त्या दिवशीच ठरवलं की हे इथेही, छापून, लिहायचं. ज्यांनी तो अहवाल खरा मानला त्यांतले काही अजून आहेत, आणि ते सक्करदऱ्याला येणार नाहीत.

मी उठू लागलो तर सोमाजीने हात केला. "थांबा न साहेब. एवढ्या लवकर?" आणि कुंपणावरून हाक मारली, "वामन! ए वामन, ये गा इकडं. शेंगदाणे खाशीन नंतर."

वामनराव, ओट्यावरच्या म्हाताऱ्यांतला एक, आला, हातात मूठभर दाणे, माझ्याकडे बघत. वंदनाने कागद वाचला, शाळेत वाचतात तसा, सावकाश आणि स्पष्ट. वाचून झाल्यावर वामनरावाने दाणे खिशात टाकले.

"म्हणजे फाटक बंद होतं?" त्याने मला विचारलं.

"बंद होतं."

"आमी तं मजाकच करत होतो गा, सोमाजी."

"हो न," सोमाजी म्हणाला. "पस्तीस वर्ष. जाय, सदाशिवले बोलाव. अन् त्या टेलरले बी."

सदाशिव आला तेव्हा चहा आला. टेलर आला तेव्हा चहा निवला होता. प्रत्येक वेळी कागद पहिल्या ओळीपासून वाचला जाई, माझ्या नावापासून, आणि मी खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होतो. टेलरने ऐकून माझ्याकडे पाहिलं नाही, सोमाजीकडेही नाही, तो नुसता स्वतःचा मफलर नीट करत राहिला. मला वाटलं, आता पुरे.

"बसा साहेब," सोमाजी म्हणाला. "केशव बाजारात गेला आहे. येईन अर्ध्या घंट्यानं."

मी बसलो. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. केशव आला, पिशवी खाली ठेवून उकिडवा बसला, आणि वंदनाने पुन्हा सुरुवात केली. ती चौथी वेळ. या वेळी तिला कागदाकडे पाहावं लागलं नाही.